संप्रेरकांची घडण आणि मोड

१. दोन शब्द

ह्या पुस्तिकेत दोन पारिभाषिक शब्द वारंवार येणार आहेत. त्यांचा अर्थ आरंभीच नीट समजून घेतला, तर पुढील विवेचन सुगम होईल. पहिला शब्द ‘संप्रेरक’. शरीरातील एखाद्या ग्रंथीत तयार होऊन रक्ताच्या वाटेने दूरच्या अवयवापर्यंत जाणारे आणि तेथे विशिष्ट कार्यास चालना देणारे जे द्रव्य, त्याला संप्रेरक म्हणतात. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली ग्रीक धातूवरून ‘हार्मोन’ हे नाव प्रचारात आणले. त्या धातूचा अर्थ ‘चेतविणे, प्रवृत्त करणे’ असा आहे, आणि मराठी शब्दातील ‘प्रेरणा’ तोच अर्थ सांगते.

दुसरा शब्द ‘विकर’. विकार म्हणजे बदल. तो घडवून आणणारे ते विकर, असा ह्या शब्दाचा अर्थ लावता येतो. विकरे ही बहुतेक प्रथिनेच असतात. शरीरातील रासायनिक क्रिया ती अतिशय वेगाने घडवून आणतात. मात्र त्या क्रियेत ती स्वतः खर्ची पडत नाहीत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. एक विकर रेणूच्या एका ठरावीक जागी प्राणवायूचा अणू बसविते, दुसरे एखादा तुकडा तोडते, तिसरे हायड्रोजनचे दोन अणू काढून घेते. आपल्या कामाखेरीज दुसऱ्या कामात ते सहसा हात घालीत नाही.

संप्रेरक हा निरोप आहे, असे मानले तर तो निरोप लिहिणारी विकरे असतात आणि काम होताच तो पुसून टाकणारीही विकरेच असतात. निरोप लिहिण्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात येते. पुसण्याचे महत्त्व मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः संप्रेरकाचे सामर्थ्य त्याच्या घडणीत जितके असते, तितकेच ते त्याच्या वेळच्या वेळी होणाऱ्या मोडीतही असते. घडण बिघडली तर नवजात बालकाच्या प्राणावर बेतू शकते. आणि मोड किती वेगाने होते हे कळले, तर त्या ज्ञानातून उपयुक्त औषध निर्माण होऊ शकते. ह्या दुसऱ्या गोष्टीचे एक ठळक उदाहरण लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने घालून दिले. त्या उदाहरणापर्यंत आपल्याला क्रमाक्रमाने जावयाचे आहे.

२. चार वाफ्यांची बाग

लखनौच्या मुख्य रेल्वे स्थानकाचे नाव चारबाग. पाण्याच्या पाटांनी किंवा वाटांनी चार खणांत विभागलेल्या बागेची ही कल्पना मूळची इराणातील. मोगलांबरोबर ती हिंदुस्थानात रुजली. स्टेरॉइड ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांची रचना ध्यानात ठेवण्यास हे नाव मोठे सोयीचे आहे. प्रत्येक स्टेरॉइडाच्या मुळाशी कार्बन अणूंची चार वलये एकमेकांस चिकटून असतात. त्यांपैकी तीन वलये षट्कोनी असून चौथे पंचकोनी असते. चारही वलये मिळून १७ कार्बन अणूंचा सांगाडा होतो. बागेची आखणी सर्वत्र एकच. निरनिराळ्या स्टेरॉइडांत फरक असतो तो कोणत्या वाफ्याच्या कोणत्या कोपऱ्यात काय लावले आहे एवढ्यापुरता.

हा फरक दिसावयास किती लहान असतो, पाहा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी लक्षणांचे संप्रेरक. त्यात १९ कार्बन अणू असतात. इस्ट्राडायॉल हे स्त्रीत्वाच्या लक्षणांचे प्रमुख संप्रेरक. त्यात १८ असतात. एक कार्बन अणू कमी झाला आणि पहिल्या वलयातील बंधांची मांडणी बदलली, की एकाचे दुसरे होते. हा बदल अरोमॅटेज नावाचे विकर घडवून आणते. म्हणजे स्त्रीच्या शरीरातील इस्ट्राडायॉल हे पुरुषी मानल्या गेलेल्या संप्रेरकापासूनच तयार होते. केनेथ रायन यांनी १९५९ साली मानवी वारेच्या पेशींतील सूक्ष्म कणांच्या साहाय्याने हा बदल प्रयोगशाळेत घडवून दाखविला.

३. एका साच्यातून अनेक मूर्ती

शरीरातील सर्व स्टेरॉइड संप्रेरकांचे मूळ द्रव्य एकच आहे: कोलेस्टेरॉल. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे ह्या द्रव्याचे नाव बदनाम झाले असले, तरी त्याच्यावाचून ना पेशींची आवरणे धड राहतील, ना ही संप्रेरके तयार होतील.

ह्या उगमाचा पुरावा कोनराड ब्लॉख यांनी १९४५ साली दिला. त्यांनी कोलेस्टेरॉलच्या रेणूत साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, घातला. हे खूण केलेले कोलेस्टेरॉल एका गर्भवती स्त्रीला दिले आणि तिच्या मूत्रातून प्रेग्नेनडायॉल हे द्रव्य वेगळे काढले. प्रेग्नेनडायॉल म्हणजे प्रोजेस्टेरॉन ह्या गर्भरक्षक संप्रेरकाचे मोडलेले रूप. त्यात जड हायड्रोजन सापडला. कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन घडले आणि कार्य संपल्यावर ते मोडून बाहेर पडले, अशी दोन्ही टोके एकाच प्रयोगाने जुळली. ब्लॉख यांना पुढे १९६४ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, तो प्रामुख्याने कोलेस्टेरॉल शरीरात कसे तयार होते ह्याविषयीच्या संशोधनासाठी.

आता ह्या कारखान्यातील कामाचा क्रम पाहू. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन अणू असतात. पहिले विकर त्याची लांब शेपटी तोडते. सहा कार्बन गळून पडतात आणि २१ कार्बनांचे प्रेग्नेनोलोन उरते. दुसरे विकर त्याचे प्रोजेस्टेरॉन करते. येथून वाटा फुटतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात, त्यांत १७व्या, २१व्या आणि ११व्या कार्बनावर एकेक प्राणवायूचा अणू बसविला जातो आणि कॉर्टिसॉल तयार होते. अंडाशयात व वृषणात १७व्या कार्बनावरील उरलेला दोन कार्बनांचा तुकडा तोडला जातो आणि १९ कार्बनांची पुरुषी संप्रेरके होतात. अरोमॅटेज असेल तेथे त्यांपासून १८ कार्बनांची स्त्री-संप्रेरके बनतात. कोणत्या ग्रंथीतून कोणते संप्रेरक बाहेर पडावयाचे, हे त्या ग्रंथीच्या पेशींत कोणती विकरे आहेत ह्यावर ठरते. कच्चा माल सर्वत्र सारखाच असतो.

प्राणवायूचा अणू नेमक्या जागी बसविणारी ही विकरे एका मोठ्या कुळातील आहेत. ‘सायटोक्रोम पी-४५०’ हे त्या कुळाचे नाव. सायटोक्रोम म्हणजे लोहयुक्त रंगद्रव्य असलेले प्रथिन. मराठी वाचकांस ह्या शब्दाबरोबर डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण होईल. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सीवर संशोधन करून त्यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली होती. सायटोक्रोम-सी श्वसनक्रियेत कामी येते, तर पी-४५० कुळातील विकरे रेणूंवर प्राणवायू बसवितात. कार्ये वेगळी असली तरी लोहयुक्त रंगद्रव्य हा दोहोंचा समान घटक आहे.

‘४५०’ हा आकडा कोठून आला? ह्या प्रथिनाला कार्बन मोनॉक्साइड वायू चिकटला, की ते ४५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी सर्वांत अधिक शोषून घेते. १९६३ साली एस्टाब्रुक, कूपर आणि रोझेन्थाल यांनी गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतील सूक्ष्म कणांवर एक सुंदर प्रयोग केला. २१व्या कार्बनावर प्राणवायू बसविण्याचे काम चालू असताना त्यांनी कार्बन मोनॉक्साइड सोडला, तेव्हा ते काम मंदावले. मग त्यावर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकून पाहिला. ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशाने ते काम सर्वांत चांगले पूर्ववत झाले. जे रंगद्रव्य तो प्रकाश शोषते, तेच ह्या कामाचे कर्ते आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

४. साखळीतील एक कडी तुटली, तर

वरील २१व्या कार्बनावरील विकर जन्मतःच सदोष असलेली बालके जगात सर्वत्र जन्मास येतात. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच हा विकार प्रकट होतो. बालकाच्या अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार होत नाही. कॉर्टिसॉल कमी पडल्याची वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला लागते आणि ती अधिवृक्क ग्रंथीला अधिकाधिक चेतविते. ग्रंथी फुगते, कच्चा माल भराभर पुढे ढकलते; पण एक वाट बंद असल्याने तो सारा दुसऱ्या वाटेने वळतो आणि पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक होतो. त्यामुळे मुलीची बाह्य जननेंद्रिये जन्मतःच मुलासारखी दिसू शकतात.

ह्याहून गंभीर बाब मिठाची. ह्याच विकराच्या मदतीने अल्डोस्टेरॉन हे शरीरातील मीठ राखणारे संप्रेरकही तयार होते. ते नसल्याने जन्मानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बालकाच्या मूत्रावाटे मीठ व पाणी वाहून जाऊ लागते. बालक दूध ओकते, सुकते, निपचित पडते. मुलीत निदान बाह्य खूण तरी असते. मुलगा मात्र सर्वस्वी निरोगी दिसतो, आणि म्हणून त्याचे निदान हुकण्याचा संभव अधिक.

हे घडू नये म्हणून करावयाचे उपाय साधे आहेत. टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घ्यावयाचे आणि तुटलेल्या कडीच्या अलीकडे साचणाऱ्या द्रव्याचे प्रमाण त्यांत मोजावयाचे. निदान झाले, की उणे पडलेली संप्रेरके आयुष्यभर तोंडाने देता येतात. अमेरिकेत लॉसन विल्किन्स यांनी १९५० साली अशा रुग्णांना कॉर्टिसोन देऊन गुण येतो हे दाखविले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह देशातील पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा हा विकार सुमारे ५,७६२ बालकांमागे एकात आढळला. एका विकराचे ज्ञान आणि रक्ताचे चार थेंब यांवर त्या एका बालकाचा प्राण अवलंबून असतो.

५. मोड

आता नाण्याची दुसरी बाजू. रक्तात आलेले कॉर्टिसॉल सुमारे तास-दीड तासात निम्मे होते. एखाद्या द्रव्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा हा जो अवधी, त्याला अर्धायुष्य म्हणतात. मोडण्याचे मुख्य काम यकृत करते. तेथील विकरे वलयांतील दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवितात आणि उरलेल्या रेणूला शर्करेपासून झालेले अम्ल किंवा गंधकयुक्त गट जोडतात. मूळचे तेलकट, पाण्यात न विरघळणारे स्टेरॉइड त्यामुळे विद्राव्य होते आणि मूत्रातून निघून जाते. ब्लॉख यांना मूत्रात सापडलेले प्रेग्नेनडायॉल ते हेच.

मोड थांबली तर काय होते, ह्याचे उदाहरण आपल्या घरातील औषधाच्या डबीत आहे. खोकल्यावर ज्येष्ठमध चघळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नेदरलँड्समधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणांना उतार पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. त्याचे मर्म पुढे १९८०च्या दशकात उलगडले. मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारे एक विकर असते. ते तेथे राखणदारासारखे उभे असते. कारण मीठ राखणाऱ्या संप्रेरकासाठी असलेल्या जागेवर कॉर्टिसॉलही बसू शकते, आणि रक्तात ते कितीतरी अधिक असते. ज्येष्ठमधातील एक अम्ल ह्या राखणदाराचे हात बांधून टाकते. मग कॉर्टिसॉल आत शिरते, मीठ साचते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. अधूनमधून चघळलेल्या कांडीने हे होत नाही; परंतु दररोज पुष्कळ ज्येष्ठमध खाणे रक्तदाबाच्या रुग्णाने टाळावे, हे ह्यावरून उघड होईल.

६. तोंडाने घ्यावयाच्या औषधाची अडचण

यकृताचा हा दक्षपणा औषध बनविणाऱ्यांच्या वाटेत मात्र आडवा आला. पोटात घेतलेला पदार्थ आतड्यांतून शोषला जातो तो प्रथम यकृतातच जातो. नैसर्गिक इस्ट्राडायॉल किंवा प्रोजेस्टेरॉन तोंडाने दिले, तर त्याचा बहुतेक भाग शरीरभर पोहोचण्यापूर्वीच मोडला जातो.

ह्यावर १९३८ साली बर्लिन येथे इनहॉफेन आणि होलवेग यांनी युक्ती काढली. इस्ट्राडायॉलच्या १७व्या कार्बनावर यकृतातील विकर घाला घालते. त्या जागी त्यांनी दोन कार्बनांचा एक गट बसविला. विकराला पकड मिळेना. इथिनिल इस्ट्राडायॉल असे ह्या नव्या द्रव्याचे नाव. तोच गट दुसऱ्या सांगाड्यावर बसवून मेक्सिको शहरात १९५१ साली नॉरएथिस्टेरोन तयार झाले. अशा संयुगांतूनच गर्भनिरोधक गोळी निघाली. अमेरिकेत तिला १९६० साली मान्यता मिळाली. ही गोळी बीजांड पक्व होऊन बाहेर पडण्याची क्रियाच थांबविते. ती दररोज न चुकता घ्यावी लागते, आणि काही स्त्रियांना तिच्यामुळे मळमळ, डोकेदुखी, क्वचित रक्ताच्या गुठळ्या असे उपद्रव होतात.

यकृतातील विकरांची संख्याही स्थिर नसते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध त्यांची निपज वाढविते. परिणामी गर्भनिरोधक संप्रेरके नेहमीपेक्षा लवकर मोडली जातात आणि गोळी चालू असतानाही गर्भ राहू शकतो. क्षयाचे उपचार घेणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांस हे आवर्जून विचारले पाहिजे.

७. निरोप वाचला कोठे जातो?

१९५०च्या दशकात अनेक नामवंत शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की इस्ट्राडायॉलचे कार्य त्याच्या मोडण्यातूनच होते. विकरे त्याचे रूपांतर करतात आणि त्या रूपांतरात पेशीला चालना मिळते. शिकागो येथील एलवुड जेन्सन यांनी हे पडताळून पाहण्याचे ठरविले. त्यांनी व हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्राडायॉलला किरणोत्सर्गी हायड्रोजनची, म्हणजे ट्रिटियमची, खूण केली आणि ते अत्यल्प प्रमाणात कोवळ्या उंदरीणींना टोचले. गर्भाशयाने ते द्रव्य ओढून घेतले व बराच काळ धरून ठेवले. स्नायूंसारख्या अवयवांनी तसे केले नाही. विशेष म्हणजे गर्भाशयातील द्रव्य तपासले, तेव्हा ते जसेच्या तसे इस्ट्राडायॉलच होते. त्याचे काहीही रूपांतर झालेले नव्हते.

ह्याचा अर्थ, निरोप वाचणारे विकर नव्हे. तो वाचण्यासाठी पेशीत निराळेच प्रथिन असते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. विकर संप्रेरकाला बदलते, ग्राही संप्रेरकामुळे स्वतः बदलतो. हा भेद स्पष्ट झाल्यावर औषधशास्त्राला नवी दिशा मिळाली. ग्राहीच्या खोबणीत बसणारा, पण निरोप पुरता न पोहोचविणारा रेणू मिळाला, तर खऱ्या संप्रेरकाची जागा तो अडवून धरील.

असा रेणू चार वलयांचा असलाच पाहिजे काय? नाही. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ सालीच स्टिल्बेस्ट्रॉल हे चार वलयांचा सांगाडा नसलेले द्रव्य इस्ट्राडायॉलसारखे कार्य करते, हे दाखविले होते. त्याच द्रव्याने पुढे एक कठोर धडाही दिला. गर्भपात टळावा म्हणून ते गर्भवती स्त्रियांना देण्यात आले. त्यांच्या काही मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा विरळा कर्करोग झाल्याचे १९७१ साली उघडकीस आले. संप्रेरकासारखे द्रव्य जपून वापरावे लागते, हे ह्याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगू शकणार नाही.

८. लखनौचे संशोधन

चारबाग स्थानकापासून काही किलोमीटरांवर, गोमतीच्या काठी, अवधच्या नबाबांचा छत्तर मंझिल हा प्रासाद आहे. घुमटावरील सोनेरी छत्रीमुळे त्याला ते नाव पडले. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ह्या वास्तूत केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. संस्था पुढे सीतापूर रस्त्याकडील नव्या आवारात गेली. पण तिची पहिली काही दशके नबाबी कमानींखालीच गेली.

त्याच वर्षी ह्या संस्थेत रुजू झालेल्या तरुण रसायनशास्त्रज्ञांत नित्या आनंद होते. त्यांचा जन्म १९२५ सालचा, लायलपूरचा. त्यांची पहिली डॉक्टरेट मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील, दुसरी केंब्रिजची. १९७४ ते १९८४ ह्या काळात ते संस्थेचे संचालक होते. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ जानेवारी २०२४ रोजी ते निवर्तले.

१९६०च्या दशकात लोकसंख्येचा प्रश्न देशापुढे होता. परंतु स्त्रीच्या दृष्टीने तो आरोग्याचा प्रश्न होता. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रीची कैफियत मराठी समाजापुढे र. धों. कर्वे यांनी फार आधी मांडली होती. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७पासून १९५३ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. कर्व्यांच्या हाती साधने मोजकी होती. लखनौच्या संशोधकांनी नवे साधन शोधण्यास घेतले.

नित्या आनंद, सुप्रभात राय, अमिय भूषण कर, वेदप्रकाश कंबोज आणि त्यांचे सहकारी यांनी इस्ट्राडायॉलच्या ग्राहीत बसतील अशी चार वलयांहून वेगळ्या धाटणीची संयुगे बनविली. त्यांतील एकाचा पाया क्रोमन नावाच्या वलयद्वयाचा होता. संस्थेच्या नावातील ‘सेंट्रल’ आणि हे ‘क्रोमन’ मिळून त्याचे नाव ‘सेंटक्रोमन’ झाले; आंतरराष्ट्रीय नाव ऑर्मेलॉक्सिफीन. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्रज्ञाने रेणू बनवावा, अंतःस्रावतज्ज्ञाने तो उंदरांवर पाहावा, आणि त्या निकालावरून पुढचा रेणू ठरवावा, अशी ही दुहेरी वाटचाल होती.

सेंटक्रोमन गर्भाशयात ग्राहीची जागा अडविते. बीजांड दर महिन्यास नेहमीप्रमाणे बाहेर पडते. मात्र गर्भाशयाचे अस्तर त्याच्या आगमनास वेळेवर सिद्ध होत नाही आणि गर्भ रुजत नाही. दुसऱ्या काही ऊतींत हेच द्रव्य इस्ट्राडायॉलसारखे सौम्य कार्य करते. एकच किल्ली एका घरात कुलूप अडविते आणि दुसऱ्या घरात ते थोडेसे उघडते, असा हा प्रकार आहे.

९. सात दिवसांचा हिशेब

ह्या औषधाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मोडीत आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १७० तास, म्हणजे जवळजवळ सात दिवसांचे आहे. शिवाय यकृतात त्याचे जे एक रूपांतर होते, तेही ग्राहीवर कार्य करते. शरीर ज्याला संथपणे मोडते असे औषध सामान्यतः अडचणीचे वाटेल. येथे तोच गुण ठरला.

हिशेब सोपा आहे. दर आठवड्यास ३० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली असे समजू. सात दिवसांनी त्यांतील १५ उरतील. दुसरी गोळी घेताच ४५ होतील. त्यांचे साडेबावीस उरतील, तिसरीने साडेबावन्न होतील. असे करीत काही आठवड्यांनी प्रमाण गोळीनंतर ६० आणि पुढील गोळीपूर्वी ३० ह्या मर्यादांत स्थिरावेल. म्हणजे आठवड्यातून एक गोळी पुरते. पण पहिले काही आठवडे प्रमाण उणे राहील, त्याचे काय? म्हणून आरंभीचे तीन महिने गोळी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, घ्यावयाची असते. त्या रीतीने प्रमाण गोळीनंतर सुमारे १०० मिलिग्रॅमपर्यंत चढते. नंतर आठवड्यास एक घेतली तरी ते पुरेशा पातळीवर उतरून टिकते. प्रत्यक्ष शरीरातील व्यवहार ह्या अंकगणिताहून गुंतागुंतीचा आहे. परंतु गोळीचे वेळापत्रक असे का, हे ह्यावरून कळावे.

हे औषध १९९१ साली ‘सहेली’ ह्या नावाने बाजारात आले. पुढे राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘छाया’ ह्या नावाने ते सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागले. शेतावर किंवा कारखान्यात राबणाऱ्या, रोजच्या धबडग्यात रोजची गोळी विसरणाऱ्या स्त्रीला बाजाराचा वार मात्र विसरत नाही. तिच्या दृष्टीने सात दिवसांच्या अर्धायुष्याचे महत्त्व एवढे मोठे आहे. हे द्रव्य स्टेरॉइड नसल्यामुळे मळमळ व डोकेदुखी सहसा होत नाही, आणि अंगावर दूध पाजणाऱ्या मातेलाही ते देता येते.

१०. मर्यादा

गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही स्त्रियांची पाळी, विशेषतः पहिल्या महिन्यांत, लांबते. ठरलेल्या दिवसानंतर पंधरा दिवस उलटूनही ती न आल्यास गर्भ राहिला आहे की काय, हे तपासून घ्यावे. अंडाशयात गाठी असलेल्या, नुकतीच कावीळ होऊन गेलेल्या, यकृताचा, मूत्रपिंडाचा किंवा क्षयाचा विकार असलेल्या स्त्रीने हे औषध घेऊ नये. यकृताचा उल्लेख येथे का आला, हे वाचकाच्या आता ध्यानात आले असेल. जे मोडणारे आहे तेच दुबळे झाले, तर वरील सारा हिशेब चुकेल. दुसऱ्या बाजूने, संथ मोडीमुळे औषध थांबविल्यावरही त्याचा अंश काही आठवडे शरीरात रेंगाळतो. म्हणून ते डॉक्टरांच्या किंवा आरोग्यसेविकेच्या सल्ल्यानेच सुरू करावे.

११. उपसंहार

आपण कोलेस्टेरॉलच्या एका रेणूपासून आरंभ केला. विकरांनी त्याची शेपटी तोडली, कोपऱ्यांवर प्राणवायू बसविला आणि त्याची निरनिराळी संप्रेरके झाली. त्या संप्रेरकांनी ग्राहींना निरोप दिला आणि यकृताने ती पुसून टाकली. ह्या मालिकेतील प्रत्येक पायरीवर माणसाच्या सुखदुःखाचा कोठे ना कोठे संबंध येतो. २१व्या कार्बनावरचे एक विकर नसले, तर जन्मून पंधरा दिवस न झालेले मूल दगावू शकते. मूत्रपिंडातील एक विकर अडले, तर रक्तदाब चढतो. यकृतातील विकरे वाढली, तर गोळी निष्फळ होते. आणि ती ज्याला संथपणे मोडतात, असा रेणू हाती आला, तर आठवड्याच्या एका गोळीवर स्त्रीला आपल्या मातृत्वाची वेळ ठरविता येते.

पाच शहरांतील तपासणीत आढळलेल्या प्रमाणावरून पाहता, आपल्या देशात दरवर्षी जन्मणाऱ्या बालकांत सदोष विकराची बालके हजारोंच्या संख्येने असणार. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी टाचेच्या रक्ताची ही तपासणी अद्याप होत नाही. ज्ञान आहे, औषध आहे, खर्चही असाध्य नाही. घरात मूल जन्मले, की प्रसूतिगृहात ह्या तपासणीविषयी विचारावे. आणि पंधरवड्याच्या आतील बालक वारंवार ओकून निपचित पडू लागले, तर ते नेहमीचे दुखणे समजून घरी न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे.